पेशंटची गोष्ट तुमच्या फोनबाहेर जाऊ देऊ नका

डॉक्टर, सिस्टर, लॅबमधले दादा, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, आशाताई, मेडिकलच्या काउंटरवर उभे राहणारे तुम्ही, हे तुमच्यासाठी आहे. आजच वाचा. जमलं तर पुढची ड्युटी सुरू होण्याआधी वाचा.

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये दुसऱ्यांच्या घरची दुखणी आहेत. कुणाचा एक्स-रे, कुणाची सोनोग्राफी, कुणाच्या जखमेचा फोटो, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट. काही तुम्ही कामासाठी काढलेत, काही ग्रुपवरून आपोआप येऊन पडलेत. त्यातला एखादा आज संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसवर जाईल. एखादा ‘आजची इंटरेस्टिंग केस’ म्हणून मोठ्या ग्रुपवर पडेल. टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल, हे मला ठाऊक आहे. पण ज्याचा तो फोटो आहे, त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक त्याने मोडू शकते. त्याची नोकरी जाऊ शकते. म्हणून थांबा.

हातातला एक्स-रे एकदा नीट बघा. कोपऱ्यात नाव, वय, तारीख, सेंटरचं नाव. सोनोग्राफीच्या चित्रावर हेच सगळं वरच्या पट्टीत छापलेलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पायाला पट्टी असते आणि तिच्यावर आईचं नाव असतं. मागच्या भिंतीवर खाटेचा नंबर, उशाशी केसपेपर, शेजारच्या खाटेवर भलतीच बाई. तुम्ही फोटोत जखम बघता. गावातला माणूस फोटोत साडी बघतो, हातावरचं गोंदण बघतो आणि ओळखतो. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख लपली, असं मानू नका. तालुक्याच्या गावी ओळखायला डोळे लागतच नाहीत. ‘काल रात्री अमुक गावची चोवीस वर्षांची मुलगी, विष घेतलेलं’ एवढं लिहिलं तरी त्या गावाला पुरतं. त्या रात्री त्या गावातून एकच ॲम्ब्युलन्स निघालेली असते.

फोटो काढण्याआधी स्वतःला एकच विचारा. हा फोटो या पेशंटच्या उपचाराला लागतोय का? लागत असेल तर जरूर काढा. जिल्ह्याच्या सर्जनना जखम दाखवायची आहे, रात्री अकरा वाजता हृदयरोगतज्ज्ञांना ईसीजी पाठवायचा आहे, तिथे फोनने जीव वाचतात. नाव बोटाने झाका. चेहऱ्याची गरज नसेल तर चेहरा घेऊ नका. ज्या डॉक्टरांचा सल्ला हवा, त्यांनाच पाठवा, ग्रुपवर टाकू नका. काम झालं की दोन्हीकडून पुसा. आणि फोटो उपचाराला लागत नसेल, तर फोन खिशात राहू द्या.

एवढं कळकळीने का सांगतोय, ते एका उदाहरणाने सांगू द्या. टीबीचे साधे उपचार सहा महिने चालतात. समजा, एक सून प्राथमिक आरोग्य केंद्रातून दर महिन्याला गोळ्या नेते. नवऱ्याला माहीत आहे, सासूला माहीत आहे, भावकीत कुणाला नाही. 2022 पासून निक्षय मित्र योजनेत टीबीच्या रुग्णांना पोषण आहाराच्या पिशव्या मिळतात. योजना चांगलीच आहे. औषधाइतकंच अन्नही लागतं. पण वाटपाच्या दिवशी सगळ्यांना ओळीने उभं केलं जातं. पाहुणे मध्ये, पिशवी हातात, फोटो. संध्याकाळी तो फोटो गावच्या ग्रुपवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘क्षयरुग्णांना फूड बास्केट वाटप.’ त्या सुनेने डोक्यावरचा पदर कितीही पुढे ओढलेला असो. दुसऱ्या दिवशी नळावर बायका तिच्यापासून लांब उभ्या राहतात. पुढच्या महिन्यात ती केंद्रावर येत नाही. तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद. उपचार अर्धवट सुटलेला टीबी नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो, मग त्याचे उपचार अधिक अवघड, अधिक त्रासाचे होतात. तोवर ती त्याच खोलीत लेकरांना कुशीत घेऊन झोपत असते.

हे तुम्ही थांबवू शकता. पिशव्यांचा फोटो काढा. देणगीदारांचा काढा. घेणाऱ्याचा काढू नका. वरिष्ठांनी ग्रुपवर ‘फोटो टाका’ म्हटलं, तर रजिस्टरवरच्या सह्यांचा आकडा कळवा. आशाताई, तुमची अडचण मला कळते. फोटो गेला नाही तर काम झालं नाही असं धरलं जातं आणि बोलणी तुम्हाला खावी लागतात. ही चूक तुमच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. म्हणून तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, तुम्हाला विनंती आहे. रुग्णाच्या चेहऱ्याचा पुरावा मागणं आजपासून बंद करा. एक ओळीचा आदेश काढा. तुमच्या सहीने हजारो घरं उघडी पडायची थांबतील.

‘परवानगी घेतली होती’ असं पुष्कळजण म्हणतात. कशी घेतली ते आठवून बघा. पेशंट खाटेवर, हाताला सलाईन. तुम्ही ॲप्रन घालून समोर. ज्याच्या हाती आपला जीव आहे त्याला गरीब माणूस ‘नको’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘तुम्ही म्हणाल तसं, साहेब.’ या होकाराला काही अर्थ नाही, हे तुम्हालाही आतून माहीत आहे. खरोखर परवानगी हवी असेल, तर पेशंट बरा होऊन घरी जाऊ द्या. मग विचारा. मराठीत लिहिलेला कागद द्या. नेमकी पोस्ट दाखवा, ती कुठे जाणार ते सांगा, नाही म्हटलं तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही हेही सांगा. दोन दिवसांनी त्याने ‘काढून टाका’ म्हटलं, तर विचारणा न करता काढा. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आईबापांनी हो म्हटलं तरी टाकू नका. ते मूल उद्या सोळा वर्षांचं होईल, कॉलेजात जाईल, आणि कुणीतरी त्याला त्याचाच व्हिडिओ दाखवेल.

तरुण डॉक्टर आणि नर्सिंगच्या मुलामुलींनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटकात दोन गोष्टी घडल्या. गदगच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात रील्स केल्या म्हणून 38 विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. चित्रदुर्ग जिल्ह्यात एका कंत्राटी डॉक्टरने ऑपरेशन थिएटरमध्ये लग्नाआधीचं शूटिंग केलं, शस्त्रक्रियेचा देखावा उभा केला आणि नोकरी गमावली. या मुलांना मी दुष्ट म्हणणार नाही. छत्तीस-छत्तीस तास राबणाऱ्या पोरांना दोन मिनिटं हसावंसं वाटतं. हसा. कॅन्टीनमध्ये नाचा, हॉस्टेलच्या गच्चीवर रील करा. पण वॉर्डात फोन वर धरताना मागे कोण झोपलंय ते बघा. तुमच्या गाण्याच्या मागे कुणाची आई कण्हत असते. आणि सीनियर्स, तुम्ही शिकवा. टाके कसे घालायचे हे जितक्या निगुतीने शिकवता, तितक्याच निगुतीने हेही शिकवा. पहिल्याच दिवशी, राउंडवर, पेशंटच्या उशाशी उभं राहून.

राजकोटचं प्रकरण विसरू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये ते उघडकीला आलं. तिथल्या एका प्रसूतिगृहातलं सीसीटीव्हीचं चित्रीकरण चोरून यूट्यूबवर टाकलं गेलं आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं गेलं. तपासणीसाठी, इंजेक्शन घेण्यासाठी आलेल्या बायका त्यात होत्या. पोलिसांनी अटक केलेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. त्या बायका काय म्हणून दवाखान्यात गेल्या होत्या? पोटात बाळ होतं म्हणून. डॉक्टरांवर विश्वास होता म्हणून. त्यांच्यातल्या किती जणी पुढच्या वेळी दुखणं अंगावर काढतील, याचा विचार करा. अंगावर काढलेलं बाळंतपणातलं दुखणं जीव घेतं.

तेव्हा तुमच्या नर्सिंग होममध्ये आजच एक फेरी मारा. तपासणीच्या खोलीत कॅमेरा आहे? उतरवा. इंजेक्शन रूममध्ये, लेबर रूममध्ये आहे? उतरवा. चोरीची भीती वाटते तर तो दरवाजाबाहेर लावा, औषधांच्या स्टोअरकडे तोंड करून लावा. बसवून देणाऱ्याने जो पासवर्ड ठेवला होता तोच अजून चालू असेल, तर आज बदला. फुटेज कुणाच्या मोबाइलवर दिसतं ते विचारा. मालकाच्या, मॅनेजरच्या, सोडून गेलेल्या जुन्या रिसेप्शनिस्टच्या? विचारल्याशिवाय कळणार नाही.

आता एक अशी जागा, जिथे भले भले डॉक्टर घसरतात. गूगलवर कुणी वाईट रिव्ह्यू लिहितो. ‘डॉक्टर नीट बघत नाहीत, पैसे उकळतात.’ वाचून जीव जळतो. वर्षानुवर्षांची मेहनत आणि एका ओळीत माती. मग रागाच्या भरात उत्तर जातं, ‘तुम्ही दारू सोडली नाही म्हणून लिव्हरची ही अवस्था झाली, तुमचे रिपोर्ट माझ्याकडे आहेत.’ त्या क्षणी तुम्ही खरे असलात तरी हरलात. त्या माणसाचं दुखणं तुम्ही चव्हाट्यावर मांडलंत आणि ते वाचणारा प्रत्येक नवा पेशंट मनात म्हणतो, उद्या माझंही असंच सांगतील. उत्तर द्यायचंच असेल तर एवढंच लिहा, ‘आपली तक्रार समजून घ्यायला दवाखान्यात भेटा.’ तो आपला पेशंट होता की नव्हता, हेसुद्धा लिहू नका. आणि उत्तर रात्री देऊ नका. सकाळी द्या.

2 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम काढले. त्यांत सोशल मीडियावर कसं वागावं हेही सांगितलं होतं. त्याच महिन्याच्या 23 तारखेला ते नियम स्थगित झाले. म्हणून रान मोकळं झालं, असं कुणी समजू नका. 2002 चे आचारसंहितेचे नियम लागू आहेत. पेशंटचं गुपित फोडू नये, ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापू नये, हे त्यांत स्पष्ट आहे. एचआयव्हीबाबत 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये, असं कलमच आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची, मुलीची, स्त्रीची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच. हे सगळं घाबरवायला सांगत नाही. उद्या कुणी वरिष्ठ, कुणी पुढारी, कुणी ओळखीचा पत्रकार ‘एक फोटो पाठव ना’ म्हणाला, तर ‘कायद्याने पाठवता येत नाही’ असं ताठ मानेने सांगता यावं, म्हणून सांगतोय. आणि कायदे होण्याच्या कितीतरी आधी, चरकसंहितेच्या विमानस्थानात, वैद्यकी शिकायला आलेल्या शिष्याला हेच बजावलेलं आहे. रुग्णाच्या घरात जे कळेल ते बाहेर बोलू नकोस.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या एका रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार झाला, तिचा खून झाला. ती तुमच्यातलीच होती. रात्रपाळी करून दमलेली. तिचं नाव, तिचे फोटो, अगदी मृतदेहाचेसुद्धा, देशभर फिरले. 20 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला ते सगळ्या समाजमाध्यमांवरून काढायचा आदेश द्यावा लागला. तोवर ते लाखो फोनमध्ये पोहोचले होते. पाठवणाऱ्यांतले बहुतेक जण हळहळणारेच होते, न्याय मागणारेच होते. उधळलेला भंडारा परत मुठीत येत नाही, तसं हे आहे. हळहळ खरी असली तरी फोटो परत येत नाही. म्हणून कुणाचा फॉरवर्ड आला की तो तुमच्यापाशी थांबू द्या. कितीही राग आलेला असो, कितीही दुःख झालेलं असो.

वकील, शिक्षक, समुपदेशक, करसल्लागार, बँकेतले अधिकारी, पोलीस, तुम्हीही यातून सुटत नाही. तुमच्यापुढेही लोक अडचणीत असताना येऊन बसतात. अशिलाच्या घटस्फोटाची गोष्ट नाव बदलून सांगितली तरी त्याची बायको ती ओळखते. वसतिगृहातल्या मुलीला मदतीचा चेक देताना काढलेला फोटो तिच्या वर्गातल्या मुली बघतात, आणि मग ती डबा खायला एकटी बसते. निराधार किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याची बंदी आहे, हे शाळांना आणि संस्थांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सांगत राहा. अहवालात मुलांची संख्या द्या, चेहरे देऊ नका.

आणि तुम्ही यातलं कुणीच नसाल, नुसते पेशंटचे नातेवाईक असाल, तरी तुमच्या हातात फोन आहे. आयसीयूमध्ये वडिलांच्या नाकात नळी आहे, अंगावर धड कपडा नाही, आणि फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, ‘बाबांसाठी प्रार्थना करा.’ प्रार्थना जरूर मागा. फोटो नको. ज्या बाबांनी आयुष्यभर इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय उंबरठा ओलांडला नाही, त्यांना तसं बघणं पुतण्या-भाच्यांना चुकवता आलं पाहिजे. ते बरे होतील तेव्हा त्यांना ग्रुपवर ते दिसू नये. कॅज्युअल्टीत व्हिडिओ काढताना बाजूच्या स्ट्रेचरवर कोण आहे तेही बघा. दवाखान्यात कुणी तुमचा फोटो घ्यायला लागलं तर हात जोडून ‘नको’ म्हणा. तो तुमचा हक्क आहे. त्याने उपचार थांबत नाहीत, थांबता कामा नयेत. कुणी टाकलाच तर आधी काढायला सांगा. नाही काढला तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवून पोलिसांच्या सायबर शाखेकडे जा. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करता येते.

एक गैरसमज नको. डॉक्टरांनी इंटरनेटवर बोलूच नये, असं मी मुळीच म्हणत नाही. उलट बोला, भरपूर बोला, मराठीत बोला. कोविडच्या दिवसांत अफवांचा पूर आलेला असताना साध्या मराठीत समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांनी लोकांना धीर दिला होता. डेंग्यूत काय करावं, साप चावल्यावर काय करू नये, बाळाला सहा महिने वरचं पाणी का द्यायचं नाही, हे तुमच्याइतकं चांगलं कोण सांगेल? तुम्ही गप्प बसलात तर ती जागा ‘शुगर मुळापासून घालवा’ म्हणणारे घेतात, आणि कुणाचं तरी इन्सुलिन बंद होतं. फक्त आजाराबद्दल बोला, आजाऱ्याबद्दल बोलू नका. ‘काल माझ्याकडे एक बाई आली होती’ अशी सुरुवात करायचा मोह आवरा. औषध कंपनीने पैसे दिले असतील तर तसं सांगा. खात्रीच्या, गॅरंटीच्या गोष्टी करू नका.

राहिलं ते आजचं काम. आज ड्युटी संपली की दहा मिनिटं बसा. फोनची गॅलरी उघडा. ज्या पेशंटचं काम झालंय, त्याचे फोटो पुसा. डिलीट झालेल्यांच्या फोल्डरमधूनही पुसा. व्हॉट्सॲपमधले फोटो आपोआप गॅलरीत साठवायची सोय बंद करा, कारण घरी हाच फोन तुमचा मुलगा गेम खेळायला मागतो. फोटो कुठल्या क्लाउडवर आपोआप चढतायत का, तेही बघा. मग ग्रुप उघडा. तुम्ही ॲडमिन असाल तर वर ठळक लिहा, ‘या ग्रुपवर पेशंटचं नाव, चेहरा किंवा रिपोर्ट टाकू नये.’ ॲडमिन नसाल तर ॲडमिनला आत्ता फोन करा. कुणी टाकलं तर चारचौघांत बोलू नका, त्याला एकट्याला मेसेज करा, ‘अरे, काढ ते, नाव दिसतंय.’ बहुतेक जण लगेच काढतात. तुमच्या एका मेसेजची वाट असते, म्हणून तो आजच पाठवा.